दुखणाइताने फक्त बोलवावे

आईला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला भेटायला आलेल्या एका बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि अगदी मायेच्या सुरात म्हटले, "आई, सभेत तुम्हाला चंगाई मिळालीच होती. घरी गेल्यावर तुमचा विश्वास कमी पडला." त्या बाई मनाने वाईट नव्हत्या. येताना त्यांनी घरून मुगाची पातळ खिचडी करून आणली होती आणि जाण्यापूर्वी पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थनाही केली. या गोष्टीला ११ वर्षे झाली. आई प्रभूच्या घरी गेली त्यालाही आता पाच वर्षे होत आली. तरी ख्रिस्ती जीवनात आरोग्यदान (चंगाई, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणे) आणि प्रार्थना यांचे स्थान काय, हा विषय निघाला की मला आधी ते वाक्य आठवते आणि मग ते ऐकताना पडलेला आईचा चेहरा आठवतो.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात वडिलांना नोकरी लागली आणि आम्ही ठाण्याचे झालो. आईला २० वर्षे मधुमेह होता आणि शेवटची काही वर्षे ती सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेत होती. त्या वर्षी हिवाळ्यात ठाण्यातल्याच एका मैदानावर तीन दिवसांची चंगाई सभा भरली. शेजारच्या इमारतीतल्या बायकांबरोबर आई गेली. तिसऱ्या रात्री व्यासपीठावरून मधुमेह असलेल्यांना पुढे बोलावले गेले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि लगेच ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरून "मी बरी झाले" अशी साक्ष त्यांच्याकडून घेण्यात आली. साक्ष दिल्यानंतरही औषध घेत राहणे म्हणजे देवाला खोटे पाडणे, असेही त्यांना सांगितले गेले. आईने घरी येऊन फ्रिजच्या दारातल्या इन्सुलिनच्या बाटल्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि आम्ही विचारले की डोस घेतला म्हणून सांगू लागली. उभ्या आयुष्यात आमच्याशी खोटे न बोललेली बाई त्या पाच दिवसांत दिवसातून दोनदा खोटे बोलली. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, बोलणे अडखळू लागले, आणि रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा साखर पाचशेच्या वर गेलेली होती.

नऊ दिवसांनी ती घरी आली. शरीर सावरले, पण मनाला लागलेले दुखणे कित्येक महिने गेले नाही. आपल्या हातून कोणते पाप घडले, कोणाला क्षमा करायची राहिली, म्हणून प्रभूने दिलेले आरोग्य परत घेतले, याचा शोध ती रात्र-रात्र घेत राहिली. नगरला असलेल्या जावेशी ३० वर्षांपूर्वी विहिरीवरून झालेले भांडण तिने उकरून काढले आणि मला पत्र लिहायला लावून तिची क्षमा मागितली. क्षमा मागणे चांगलेच. परंतु ती भीतीने मागत होती, आणि देवाविषयीची ती भीती तिच्या मनात बाहेरून आणून घातलेली होती.

आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, हे कसे सोडवले, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. ते मंडळीतल्या दोन वडिलांना, म्हणजे चर्चची जबाबदारी सांभाळणाऱ्या दोन ज्येष्ठांना, घेऊन घरी आले. त्यांनी कोणताही उपदेश केला नाही. आईच्याच पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून तिलाच मोठ्याने वाचायला सांगितला. चौदाव्या वचनाशी आल्यावर त्यांनी तिला थांबवले आणि विचारले, "मावशी, यात आजारी माणसाने काय करायचे म्हणून लिहिले आहे?" आईने वचन पुन्हा वाचले आणि म्हणाली, "मंडळीच्या वडिलांना बोलवायचे." "आणखी?" तिने तिसऱ्यांदा वाचले. आणखी काहीच नव्हते. यायचे ते वडिलांनी, तेल लावायचे ते वडिलांनी, प्रार्थना करायची तीही वडिलांनी. पुढच्या वचनात जी "विश्वासाची प्रार्थना" येते, ती करणारे तेच आहेत. त्यामुळे त्या प्रार्थनेतला विश्वास कोणाकडे असावा याची विचारणा करायचीच असेल, तर ती पलंगाभोवती उभ्या असलेल्यांकडे करावी लागते. ज्याला ताप चढला आहे, ज्याला वेदनेपायी धड दोन वाक्ये जुळवता येत नाहीत, त्याच्यावर याकोबाने तो भार टाकलेला नाही. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही आम्हाला बोलावलेत, मावशी. तुमचे काम झाले. आता आमचे काम आम्हाला करू द्या." मग त्यांनी छोट्या कुपीतले तेल तिच्या कपाळाला लावले आणि तिघांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत मधुमेह बरा व्हावा, अशी स्पष्ट मागणी होती, आणि इन्सुलिन वेळेवर घेण्याची सुबुद्धी मिळावी, अशीही होती. दोन्ही मागण्या एकाच दमात केल्या गेल्या आणि आईने दोन्हींना "आमेन" म्हटले.

त्यानंतर मी शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधले येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत, याच एका प्रश्नाने पुन्हा वाचली: येशूने बरे केलेल्या माणसांपैकी विश्वास कोणाचा होता? मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही म्हणून छप्पर उसकटतात, आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. बाजेवरच्या माणसाने तोंडातून एक शब्द काढलेला नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीचा, म्हणजे रोमन लष्करी अधिकाऱ्याचा, चाकर घरी पडून होता आणि विश्वास धन्याने ठेवला. येशूने उठवलेली याईराची मुलगी तर मरण पावलेली होती. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून असलेल्या माणसाला आपल्याला कोणी बरे केले, त्याचे नावही माहीत नव्हते. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशूने तो प्रश्नच नाकारला.

याच्या उलट बाजूची वचनेही आहेत, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२ वर्षे रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला, यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाला आणि दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आलेल्या शोमरोन्याला येशूने म्हटले, की तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. परंतु ही वाक्ये तो कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो, ते पाहावे. लोकांनी दूर ठेवलेल्या बाईला, गप्प बसवल्या गेलेल्या भिकाऱ्याला, परक्या जातीच्या रोग्याला चारचौघांत मान मिळावा म्हणून ती उच्चारलेली आहेत. बऱ्या न झालेल्या एखाद्या रोग्यापुढे उभे राहून "तुझा विश्वास कमी पडला" असे येशूने म्हटल्याचा एकही प्रसंग मला चार शुभवर्तमानांत सापडला नाही. अल्पविश्वासाबद्दल बोलणी बसली आहेत खरी, पण कोणाला? झटके येणाऱ्या मुलाला शिष्य बरे करू शकले नाहीत, तेव्हा मत्तयाच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे अल्पविश्वासी ठरले ते शिष्य, म्हणजे प्रार्थना करणारे. मार्काच्या नवव्या अध्यायात त्याच मुलाच्या बापाने तर, मी विश्वास ठेवतो, पण माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा, असे रडत कबूल केले, आणि त्याचा मुलगा बरा झाला. चंगाईच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्या प्रत्येक सेवकाने हा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी वाचावा, असे मला अगदी मनापासून वाटते.

औषध आणि प्रार्थना यांना एकमेकांसमोर उभे करणे हेसुद्धा शास्त्राला धरून नाही. यहूदाच्या हिज्कीया राजाने आजारपणात रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली आणि आयुष्याची १५ वर्षे वाढवून दिली. पण गळवावर अंजिरांचा लेप बांधा, हेही देवाचा तो निरोप आणणाऱ्या यशया संदेष्ट्यानेच सांगितले. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो त्या काळचा उपचारच होता. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या वारंवारच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. कॅथलिक बंधुभगिनींच्या पवित्र शास्त्रात बेन सिराचा ग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात आजारपणात परमेश्वराची प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे दोन्ही लागोपाठ सांगितलेले आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. विल्यम वान्लेस हे डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेचे रुग्णालय उभारले. त्या एका रुग्णालयामुळे मिरजेचे नाव वैद्यकीय उपचारांशी कायमचे जोडले गेले. माझी धाकटी मावशी तेथे नर्सिंग शिकली. ती सांगत असे, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोग्याला घेतल्यावर सर्जन डोळे मिटून थोडक्यात प्रार्थना करीत, आणि त्या आधी कोपरापर्यंत हात धुण्यात कोणी एक मिनिट जरी कमी केले, तरी सिस्टर त्याला परत नळाकडे पाठवीत. प्रार्थना झाली म्हणून हात कमी धुवायचे, हा विचार त्या इमारतीत कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

येथे कायद्याचीही आठवण द्यावीशी वाटते. ठरावीक रोग जादूने किंवा दैवी उपायाने बरे करण्याच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि त्या रोगांच्या यादीत मधुमेह व कर्करोग दोन्ही आहेत. आमच्या रस्त्यावर लागलेल्या त्या सभेच्या फलकावर नेमकी हीच नावे होती.

आता जे बरे होत नाहीत त्यांच्याविषयी. पौलाने शरीरातला काटा (त्याला सतावणारा त्रास) निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि उत्तर आले ते कृपा पुरेशी असल्याचे, काटा राहिला. पौलाचा सहकारी त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत शहरात ठेवून यावे लागले, हे पौलाने दुसऱ्या पत्रात तीमथ्याला सहज कळवले आहे, त्यात ना लाज आहे ना खुलासा. आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या संजीवनाची, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची, तेथे तासन्‌तास चाललेल्या प्रार्थनांची हकिकत जगभर गेली. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली, वयाच्या चाळिशीत, आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. ज्या बाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्च केली, त्यांच्या प्रार्थनेत काही उणे होते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

याकोबाने "वाचवील" आणि "उठवील" अशी दोन क्रियापदे वापरली आहेत. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या शब्दाचा अर्थ रोगातून बरे करणे असाही होतो आणि तारण करणे असाही. दुसरा शब्द अंथरुणातून उठवण्यासाठी आहे आणि मेलेल्यांतून उठवण्यासाठीही तोच आहे. पाळकसाहेबांनी हे समजावले तेव्हा मला ते शब्दांचे कसब वाटले होते. आईच्या उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला, तेव्हा मला त्याचा अर्थ कळू लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईने पुन्हा मंडळीच्या वडिलांना बोलावले. या वेळी ती घाबरलेली नव्हती. पाय वाचावा म्हणून प्रार्थना झाली. पाय वाचला नाही. महिनाभराने चाकाच्या खुर्चीतून तिला पहिल्यांदा उपासनेला नेले, तेव्हा उपकारस्तुतीच्या वेळी ती म्हणाली, की दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान आजींना रात्री झोप लागत नव्हती, त्यांच्यासाठी प्रार्थना करता आली याबद्दल देवाचे आभार. स्वतःच्या पायाविषयी ती काही बोलली नाही. इन्सुलिन बंद करून अपराधी मनाने झुरणाऱ्या त्या बाईत आणि या बाईत जे अंतर पडले होते, त्याला मी आरोग्यदान म्हणते, आणि ते प्रार्थनेने झाले, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

देव शरीरही बरे करतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि तो मला कोणापुढे सौम्य करून सांगायचा नाही. मात्र तसे घडले असे जाहीर करताना जपून बोलावे, एवढेच माझे म्हणणे आहे. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानी १८५८ पासून आजारी माणसे येत आहेत. बरे झाल्याचे सांगणाऱ्या हजारोंमधून, डॉक्टरांच्या तपासणीनंतर, २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणे होती ७०. आरोग्यासाठीच्या प्रार्थनांविषयी रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, २००० साली काढलेल्या सूचनेत अशा प्रार्थनासभांमध्ये उन्माद आणि देखावा नसावा, असेही बजावलेले आहे. आम्ही प्रॉटेस्टंट असलो तरी या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कॅथलिकांनाही जुनी एक समजूत बदलावी लागली, ती तेलाविषयीची. तलावपाळीजवळ राहणाऱ्या माझ्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडच्या स्थानिक कॅथलिक समाजातल्या) मैत्रिणीच्या सासूबाईंना धर्मगुरू तेल लावायला आले, तेव्हा घरातल्या बायकांनी शेवट आला असे समजून रडायला सुरुवात केली होती. वास्तविक हा संस्कार केवळ मरणासन्नांचा नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही त्याप्रमाणे नव्याने लावून दिला. सासूबाई त्यानंतर दोन नाताळ जेवल्या.

आईच्या प्रसंगानंतर आमच्या मंडळीने काही गोष्टी ठरवून घेतल्या. रुग्णालयात दोघांपेक्षा जास्त जणांनी जायचे नाही आणि प्रार्थना हळू आवाजात करायची, कारण वॉर्डात इतरही दुखणाईत असतात. औषधाबद्दल कोणी काही सांगायचे नाही. ते डॉक्टर सांगतील. डॉक्टरांचा अहवाल हाती येईपर्यंत बरे झाल्याची साक्ष घ्यायची नाही. आणि "विश्वास" हा शब्द रोग्याला उद्देशून वापरायचा नाही. ही शेवटची गोष्ट मी सुचवली आणि मंडळीच्या वडिलांनी कोणताही वाद न करता मान्य केली.

दर बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता कोणा ना कोणाच्या घरी प्रार्थना असते. एक लांबट वही आहे, तिच्यात आजाऱ्यांची नावे आणि विनंती आलेली तारीख लिहिली जाते. बरे झालेल्यांच्या नावापुढे बरे झाल्याची तारीख येते. जे गेले त्यांचे नाव खोडले जात नाही. त्याखाली मागे राहिलेल्यांची नावे लिहिली जातात आणि पुढचे वर्षभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. आईच्या नावाखाली माझे आणि दादाचे नाव आहे.

सध्या वहीत नगरकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव पहिले आहे. त्याला रक्ताचा कर्करोग आहे आणि टाटाच्या खारघरच्या केंद्रात त्याच्यावर उपचार चालू आहेत. आईबाप नवी मुंबईत एक खोली भाड्याने घेऊन राहतात आणि आमच्या बायका पाळीपाळीने त्यांचा डबा पोचवतात. गेल्या बुधवारी त्याची आई आली होती. तिला प्रार्थनेची विनंती काय म्हणून विचारले, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की त्याचे तोंड आले आहे, त्याला दोन घास गिळता यावेत. आम्ही मुलगा पूर्ण बरा व्हावा म्हणून मागितले आणि दोन घासांसाठीही मागितले. "आमेन" झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारले, की त्याला प्लेटलेट लागणार आहेत, शुक्रवारी सकाळी कोण येऊ शकेल. चार तरुणांनी हात वर केले. दादाचा मुलगा त्यांच्यातला एक होता. त्याने चहाचा कप बाजूला ठेवून लगेच कचेरीत फोन लावला आणि शुक्रवारची रजा मागितली.